थंडीचा आगाऊ हप्ता

आमचा गॅसचा मीटर जिन्याखालच्या कपाटात आहे. तिथवर पोचायला आधी व्हॅक्यूम क्लीनर बाहेर काढावा लागतो, मग इस्त्रीचं टेबल, मग पुढच्या भारतवारीची वाट बघत पडलेल्या रिकाम्या बॅगा. त्यानंतर गुडघे टेकून, मोबाइलचा टॉर्च लावून, मान वाकडी करून आकडे वाचायचे. काळे आकडे घ्यायचे, लाल सोडून द्यायचे. लेस्टरमधल्या या लाल विटांच्या, एकमेकांना खेटून उभ्या असलेल्या घरांत बहुतेकांचे मीटर असेच कुठल्यातरी अडगळीत असतात. स्मार्ट मीटर लावून घेऊ या, म्हणून नवरा अधूनमधून सुचवतो. मी विषय बदलते. बॉयलर चालू असताना तो शेवटचा लाल आकडा सावकाश सरकतो, ते बघायला मला आवडतं. घरात आपण काहीतरी खर्च करतोय हे डोळ्यांनी दिसण्याची ती एकच जागा उरली आहे. बाकी सगळं, घराचा हप्ता, पाणीपट्टी, कौन्सिलचा कर, इंटरनेट, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात न सांगता जातं.

गॅस आणि विजेचं बिलही तसंच जातं. मात्र त्यात एक गंमत आहे. कंपनी आपल्या वर्षभराच्या वापराचा अंदाज बांधते, त्याला बाराने भागते आणि तो आकडा दरमहा डायरेक्ट डेबिटने बँकेतून उचलते. जुलै असो की जानेवारी, रक्कम तीच. जुलैत गॅस लागतो तो आंघोळीपुरता आणि फोडणीपुरता. जानेवारीत बॉयलर पहाटे धडधडायला लागतो तो रात्री झोपेपर्यंत. म्हणजे एप्रिलपासून आपण वापरतो त्याहून जास्त भरत जातो, सप्टेंबरअखेर खात्यावर चांगली रक्कम जमा दिसते, आणि ऑक्टोबर संपता संपता घड्याळं तासभर मागे गेली की ती वितळायला लागते. मार्चच्या शेवटी ती शून्याच्या आसपास यावी, असा हिशेब. यंदा सप्टेंबरचं रीडिंग दिल्यावर ॲपवर हिरव्या अक्षरांत ३०० पौंडांच्या वरचा आकडा उमटला.

मिरजेला आमच्या घरी मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी चालायची. गच्चीवर कुरडया, सांडगे, पापड. चटणीच्या मिरच्या. एरंडेल चोळलेली तूरडाळ, कडुलिंबाचा पाला घातलेले गहू. जूनच्या पहिल्या सरीआधी हे सगळं डब्यांतून माळ्यावर चढायचं आणि आई हात झटकून म्हणायची, आता खुशाल पडू दे. ॲपवर असा हिरवा आकडा पहिल्यांदा बघितला तेव्हा मला तेच समाधान वाटलं होतं: थंडीची सोय झाली. फरक नंतर हळूहळू लक्षात यायला लागला. माळा आमचा होता. शिडी लावून कोणत्याही दुपारी झाकण उघडून बघता यायचं. इथली बेगमी मात्र दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवलेली आहे, आणि तो दुसरा दरम्यान त्यातलं थोडं थोडं वापरतही असतो.

या डायरेक्ट डेबिटच्या जन्माची कथा मला फार आवडते. ॲलिस्टर हँटन नावाचे एक गृहस्थ युनिलिव्हरमध्ये नोकरीला होते. कंपनीचं आइस्क्रीम देशभर विकलं जायचं आणि विक्रेत्यांकडून पैसे वसूल करताना नाकी नऊ यायचे. तेव्हा, १९६४ साली, त्यांनी उलटी युक्ती काढली: विक्रेत्याने पैसे पाठवायची वाट कशाला बघायची? त्याच्या संमतीने आपणच त्याच्या बँकेतून काढून घ्यावेत. रक्कम बदलती असली तरी चालेल, आधी कळवलं की झालं. उन्हाळ्यात विकल्या जाणाऱ्या आइस्क्रीमसाठी निघालेली ही सोय आज या देशात बहुतेक घरांची थंडी भागवते. हँटन २०२१ मध्ये वारले. त्या वर्षी या सोयीचं दुसरं टोकही आम्हाला बघायला मिळालं, पण ते पुढे.

शेजारच्या आजींना मात्र हे हप्ते वगैरे सगळं अलीकडचं थेर वाटतं. त्या या रस्त्यावर जन्मल्या, याच रस्त्यावर लग्न होऊन चार घरं पलीकडे गेल्या आणि आता ऐंशीच्या पुढे आहेत. मला त्या लेस्टरच्या पद्धतीने ‘डक’ म्हणतात. इतकी वर्षं झाली तरी अशी हाक ऐकली की मला आत कुठेतरी बरं वाटतं. त्यांच्या लहानपणी प्रत्येक घरात नाणी टाकायचा मीटर होता. पेनी टाकली की तेवढ्यापुरता गॅस. रात्री अभ्यास करताना दिवा लुकलुकायला लागला की आई ओरडायची, बरणीतली पेनी आण. मोठं नाणं म्हणजे शिलिंग, ते खास थंडीसाठी जपून ठेवलेलं.

ठरावीक दिवसांनी गॅस कंपनीचा माणूस यायचा. तो मीटरखालची पेटी कुलूप काढून बाहेर ओढायचा आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर सगळी नाणी ओतायचा. आजी हे सांगताना दोन्ही हातांनी ओतल्याची खूण करतात. मग तो बारा बारा पेन्यांच्या चळती रचायचा. एखादं परदेशी नाणं सापडायचं, क्वचित कोणीतरी कानशीने घासलेली लोखंडी चकतीही निघायची. ती तो न बोलता बाजूला सरकवायचा, आणि आई भिंतीकडे बघायची. मीटर मुद्दाम जरा चढ्या दरावर लावलेला असायचा, त्यामुळे पेटीत बिलापेक्षा जास्त पैसे जमलेले असत. हिशेब झाला की तो माणूस कंपनीचा वाटा पिशवीत भरायचा आणि उरलेल्या दोन-चार चळती टेबलावरच सोडून जायचा. ते आईचे.

“वडील होजिअरीच्या कारखान्यातून घरी यायच्या आत ते पैसे पर्समध्ये गेलेले असायचे, डक,” आजी म्हणतात. “कधी त्यातून आम्हाला बूट यायचे. कधी नुसतेच नाहीसे व्हायचे.”

या गोष्टीतलं मला सगळ्यात काय आवडतं, तर ते टेबल. घेणारा आणि देणारा एका टेबलाशी बसलेले, मधे नाण्यांचा ढीग, आणि परत येणारी रक्कम हाताला लागण्याइतकी जवळ. जास्तीचे पैसे तेव्हाही घेतले जात होते. तेव्हाही त्यावर व्याज नव्हतं. पण परतावा मागायला अर्ज करावा लागत नव्हता. तो माणूस स्वतः चालत यायचा आणि मोजून द्यायचा.

२०२१ च्या सप्टेंबरात घाऊक बाजारात गॅसचे भाव चढायला लागले आणि इथल्या वीज-गॅस विकणाऱ्या छोट्या कंपन्या एकामागून एक शटर ओढायला लागल्या. त्यांच्याकडे ना गॅसच्या विहिरी होत्या, ना पाइपलाइन. असायचं एक कार्यालय, एक ॲप, स्वस्त दराची जाहिरात आणि आमच्यासारख्यांनी उन्हाळाभर भरलेले आगाऊ हप्ते. पुढच्या हिवाळ्याचा गॅस ज्यांनी आधी खरेदी करून ठेवला नव्हता, त्यांना तो दुप्पट-तिप्पट भावाने घेऊन ठरलेल्या दरात विकावा लागणार होता. ते शक्य नव्हतं. वर्षभरात तिशीच्या घरात कंपन्या गेल्या. बल्ब नावाची, पंधरा लाखांहून जास्त ग्राहक असलेली कंपनी इतकी मोठी होती की नोव्हेंबरात सरकारी पैशांवर विशेष प्रशासकाच्या हाती द्यावी लागली.

आमची कंपनी त्या मानाने चिल्लर. तिचं नाव आता कोणाला आठवणारही नाही, मीही लिहीत नाही. संध्याकाळी भाजी चिरत असताना मेल आला. अतिशय गोड भाषेत, आम्ही व्यवसाय थांबवत आहोत, आपला पुरवठा सुरूच राहील, काळजी नसावी. नवरा पहिल्यांदा म्हणाला तो शब्द इथे लिहिण्यासारखा नाही. दुसऱ्यांदा म्हणाला, “आणि आपले पैसे?”

ऑफजेम ही इथली नियामक संस्था. तिचा सल्ला असा की काही करू नका. मीटरचा फोटो काढून ठेवा, दुसऱ्या कंपनीकडे पळू नका, आम्ही नेमू ती कंपनी तुमच्याशी बोलेल. आम्ही दोघं जिन्याखालच्या कपाटात एकमेकांना धक्के देत फोटो काढून आलो. त्या रात्री मला वाईट वाटत होतं ते रकमेचं नव्हतं, वेळेचं होतं. या कंपन्या कोसळल्या त्या बरोबर वर्षाच्या त्या दिवसांत, जेव्हा सगळ्यांचे माळे भरलेले होते आणि अजून कोणी एक डबाही खाली काढला नव्हता.

काही आठवड्यांनी नव्या कंपनीच्या खात्यावर आमची शिल्लक जशीच्या तशी अवतरली, पेनीसुद्धा इकडची तिकडे नाही. पडलेल्या कंपन्यांच्या ग्राहकांची शिल्लक बुडू द्यायची नाही, अशी इथली व्यवस्था आहे, आणि ती चोख चालली. मी मनातल्या मनात या देशाला नमस्कार केला. पुढच्या एप्रिलमध्ये बिलातला रोजचा स्टँडिंग चार्ज, म्हणजे आपल्या लाइट बिलातला स्थिर आकार, एकदम वाढलेला दिसला. त्यातला एक भाग या बुडालेल्या कंपन्यांचा खर्च देशभरच्या ग्राहकांवर वाटून लावल्याचा होता. म्हणजे आमचे पैसे आम्हाला परत मिळाले ते थोडे आमच्याच खिशातून आणि थोडे शेजारच्या आजींच्या. आजींनी कधी कंपनी बदललीच नव्हती. त्यांना हे सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.

त्याच वसंतातला एक दिवस मात्र मजेचा होता. १ एप्रिल २०२२ पासून दराची कमाल मर्यादा वाढणार होती. सर्वसाधारण घराचं वर्षाचं बिल १,२७७ पौंडांवरून १,९७१ पौंडांवर. जुना दर कुठवर आणि नवा कुठून हे कंपनीने अंदाजाने ठरवू नये म्हणून ३१ मार्चला ज्याने त्याने रीडिंग द्यावं, असं टीव्हीवर सगळे ओरडून सांगत होते. परिणामी त्या दिवशी आख्खा देश जिन्याखाली शिरला. कंपन्यांच्या वेबसाइट एकापाठोपाठ बसल्या. आमच्या रांगेत दुपारी तीन जण आपापल्या दाराशी फोन हातात घेऊन उभे होते आणि एकमेकांना विचारत होते, तुमचं गेलं का? एरवी हवापाण्यापलीकडे न बोलणारी माणसं घनमीटर आणि युनिटांवर बोलत होती. गॅसचा मीटर घनमीटर मोजतो आणि बिल युनिटांत येतं, एका घनमीटरचे साधारण अकरा युनिट होतात, हे मला त्या दिवशी कोपऱ्यावरच्या घरातल्या प्लंबरने शिकवलं.

कोपऱ्यावरच्या दुकानाचाही या गोष्टीत वाटा आहे. ते एका गुजराती काकांचं. दूध, ब्रेड, लॉटरी, कोथिंबीर आणि काउंटरच्या कडेला मीटरचं टॉप-अप करायचं पिवळं यंत्र. ज्यांचे मीटर प्रीपेड आहेत ती माणसं विजेची प्लॅस्टिकची चावी आणि गॅसचं कार्ड घेऊन येतात. पाच पौंड लाइटला, पाच गॅसला. एका जानेवारीत माझ्यापुढे एक तरुण बाई उभी होती, कडेवर मूल. तिने दहा पौंडांची नोट दिली, मग थांबून म्हणाली, सगळे गॅसलाच टाका. काकांनी काही न विचारता तसं केलं.

त्या चावीवाल्यांचं वर्ष आमच्या नेमकं उलटं चालतं. उन्हाळ्यात आमच्या खात्यावर जमा वाढत असते. त्यांनी उन्हाळ्यात गॅस पेटवला नाही तरी रोजचा स्टँडिंग चार्ज मीटरवर साचत राहतो, आणि पहिल्या थंडीत टाकलेल्या पाचातून आधी ते देणं कापलं जातं, मग घर गरम व्हायला लागतं. आणि वर्षानुवर्षं त्यांना आमच्यापेक्षा दरही जास्त पडायचा. तो फरक २०२३ च्या उन्हाळ्यात कुठे काढला गेला. आम्ही दोघंही पैसे आधीच भरतो. पण आगाऊ भरणारी म्हणून माझी पत आहे, आणि तिच्यावर कोणाचा विश्वास नाही म्हणून तिने आधी भरायचं. मला हे कोडं अजून सुटलेलं नाही. दुकानात तिच्यामागे उभी असताना माझ्या ॲपवर हिरवा आकडा होता, एवढं नक्की.

आईला फोनवर हे सगळं सांगायचा मी एकदा प्रयत्न केला.

“म्हणजे पैसे तुझे?” ती म्हणाली.

“हो.”

“मग मागायचे कशाला? तेच परत का करत नाहीत?”

“मागितले की देतात ग. त्यांच्या परवान्यातच अट आहे. नाही म्हणायचं तर त्यांना सबळ कारण दाखवावं लागतं.”

“आणि नाही मागितले तर?”

“तर हिवाळ्यात बिलातून वळते होतात.”

आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आमचंही डिपॉझिट आहेच की वीज कंपनीकडे. दर उन्हाळ्यात जादा डिपॉझिटचं वेगळं बिल येतं, तुझे बाबा पुटपुटत भरायचे. पण त्याचं व्याज तरी बिलात जमा करतात. तुझे ते इंग्रज व्याज देतात का?”

बहुतेक देत नाहीत, हे मी कबूल केलं. मिरजेने लेस्टरवर एक गुण मिळवला.

नवऱ्याचं म्हणणं आईसारखंच, फक्त त्याच्याकडे स्प्रेडशीट आहे. त्याच्या मते सप्टेंबरात हिवाळ्यापुरतं ठेवून वरचं सगळं काढून घ्यावं आणि बचत खात्यात टाकावं. नाहीतर हप्त्यांची पद्धतच सोडून दर महिन्याला वापराइतकं बिल उचलायला सांगावं. तशीही सोय असते. बिल हातात आल्यावर बसून भरायचं म्हटलं तर दर वाढतो, पण डायरेक्ट डेबिट कायम ठेवून रक्कम बदलती ठेवायला हरकत नाही. त्याचं गणित बरोबर आहे. माझ्याकडे उत्तर नाही, फक्त जानेवारी आहे. चारला अंधार पडतो, खिडक्यांच्या काचांवर आतून पाणी जमतं, सासूबाई आलेल्या असल्या तर स्वेटरवर शाल आणि शालीवर माझा कोट घालून सोफ्यावर बसलेल्या असतात. थर्मोस्टॅटची चकती फिरवताना मनात पौंड मोजायचे नसतील, तर ते पौंड आधीच कुठेतरी गेलेले असणं मला बरं वाटतं. जुलैतल्या मीने ते दिलेले असतात. ती उन्हात बसलेली असते, तिला ते जड जात नाही.

“पण मग हा हप्ता वाढवलाय कशाला त्यांनी?” नवरा विचारतो. हाही प्रश्न बरोबर. जमा वाढत असताना कंपनीने हप्ताही वाढवल्याचं पत्र आलं होतं. मी फोन केला. पलीकडच्या मुलाने हिवाळ्याचं नाव घेतलं. मी म्हटलं, माझं मागच्या वर्षभराचं रीडिंग तुमच्यापुढे आहे, त्यावरून हा आकडा कसा आला ते सांगा. की-बोर्डची टकटक झाली, मग बराच वेळ संगीत, मग हप्ता पूर्वीवर आला. तुम्ही रीडिंग दर महिन्याला देता हे बरं करता, असं तो वर म्हणाला. जिन्याखालच्या गुडघेदुखीला मिळालेली ती पहिली पावती.

शेवटी आम्ही निम्मे काढले. ॲपमध्ये किती हवेत ते लिहायचं, खाली हिवाळ्यासाठी इतके ठेवा असा कंपनीचा सल्ला बारीक अक्षरांत, त्याच्याखाली परत घेण्याचं कारण विचारणारी चौकट. मी ‘माझे आहेत’ असं इंग्रजीत लिहिलं आणि नवऱ्याने ते खोडून सभ्य काहीतरी लिहिलं. थोड्या दिवसांत पैसे बँकेत आले आणि डिसेंबरच्या तिकिटात गेले.

त्यातला विनोद मिरजेला पोचल्यावर कळला. आम्ही बरोबर कडाक्याच्या थंडीतले आठवडे घराबाहेर होतो. म्हणजे लेस्टरच्या खात्यावर हप्ते चालू, वापर जवळजवळ नाही, आणि काढलेली शिल्लक पुन्हा भरत चाललेली. ॲप रोज दुपारी गच्चीत ऊन खाताना ते दाखवत होतं. आई शेजारी शेंगा फोडत होती.

“तिकडचं हीटर बंद करून आलीस ना?” तिने विचारलं.

“पूर्ण नाही बंद करता येत. सात अंशांवर ठेवलंय. नाहीतर पाइपातलं पाणी गोठून ते फुटतात.”

“सात अंश?” आई म्हणाली. “आणि त्याचे किती होतात?”

नवऱ्याने लगेच फोन काढला. त्याच्या स्प्रेडशीटमध्ये रिकाम्या घरासाठी वेगळा रकाना होताच.